तंबूपुरती जागा

भूपतगडावर एक रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी कुर्लोदच्या बाजूला उतरायचं आणि गावं टाळत पिंजाळ नदीच्या काठाने जमेल तितकं चालायचं, असा बेत वकिलाने आखला होता. आम्ही चौघं वसतिगृहापासूनचे मित्र. वकील दादरला राहतो, उच्च न्यायालयात काम करतो आणि वर्षातून एकदा तरी पाठीवर सॅक टाकून सह्याद्रीत शिरल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मास्तर मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर जन्मला, आश्रमशाळेत शिकला आणि आता आश्रमशाळेतच शिकवतो. डॉक्टरने सरकारी नोकरीची सुरुवातीची वर्षं जव्हार-मोखाडा या दोन तालुक्यांत काढली. चौथा मी. आम्ही एकमेकांना धंद्याच्या नावानेच हाक मारतो, तेव्हा इथेही तसंच चालू दे.

माघ संपत आला होता. जव्हारहून झापपर्यंत जीपने गेलो, तिथून चढलो. वाटेत एक पाडा लागला. घरांना कुलपं होती, एका ओटीवर एक म्हातारी आणि दोन लहान मुलं बसली होती. वर पोचल्यावर सॅक उतरवल्या. मी चुलीसाठी काटक्या गोळा करायला निघालो तेव्हा मास्तर म्हणाला, ‘इथे जाळ नको. गॅसच काढा.’ वाद तिथून सुरू झाला आणि जेवण होऊन भांडी विसळून झाली तरी चालूच राहिला. प्रश्न तसा साधा होता : उद्या रात्री कुठे झोपायचं, नदीकाठी तंबूत की पाड्यावर? पण मुंबई, ठाणे, नाशिकहून या डोंगरांत चालायला येणाऱ्या प्रत्येकापुढे तो येतो, म्हणून आठवेल तसा तो संवाद इथे देतो.

वकील : जाळ नको हे मान्य. गवत वाळलंय, एक ठिणगी पुरे. पण तुझं कारण वेगळंच दिसतंय.

मास्तर : वणवा हे एक कारण. दुसरं असं की तुम्ही रात्री गप्पा मारायला जेवढं लाकूड जाळता, तेवढी मोळी आणायला माझी आई अख्खी सकाळ घालवायची. शिवाय या दिवसांत ऐनाच्या फांद्या, पाला, गवत, शेण सगळं राबासाठी जमवायचं असतं. ते खाचराच्या कोपऱ्यात पसरून भाजायचं आणि पावसाच्या तोंडाला त्या जागी भाताचं, नागलीचं बी टाकायचं. तुला जो कचरा वाटतो तो कुणाच्या तरी शेतीचा भाग असतो.

वकील : बरं, गॅसवर करू. पण उद्याच्या मुक्कामाचं बोल. तू सकाळपासून पाड्यावर राहायचं म्हणतोयस. मला ते नको आहे, आणि का नको ते नीट सांगतो. मी सगळं पाठीवर घेऊन येतो ते हौस म्हणून नाही. तांदूळ, डाळ, तंबू, पाणी, औषधं, सगळं आपलं आपण वाहायचं. कुणावर भार टाकायचा नाही, कुणाकडे काही मागायचं नाही, आणि सकाळी उठलो की तिथे कुणी झोपलं होतं हेही कळू द्यायचं नाही. यापेक्षा सभ्यपणाने रानात जाता येतं असं मला वाटत नाही.

मास्तर : सभ्यपणा आहेच. तो मी नाकारत नाही.

वकील : आणि दुसरं. आपल्या चौघांचं बोल. मुंबईत आपण भेटतो ते लग्नात, नाहीतर हॉस्पिटलात. बाबा गेले ते मी तुम्हाला फोनवर सांगितलं. पण त्यांच्याबद्दल बोललो कधी? रतनगडाच्या गुहेत, पाऊस पडत होता आणि कुठे जाता येत नव्हतं तेव्हा. कुणाच्या ओटीवर बसलो असतो तर बोललो नसतो. पाहुणा म्हणून बसलं की माणूस पाहुण्यासारखं बोलतो. मला दोन रात्री अशा हव्यात की आपल्याखेरीज आजूबाजूला कुणी नाही.

मास्तर : रतनगडावरचं मला आठवतं. पण ‘आजूबाजूला कुणी नाही’ म्हणतोस ना, त्यावर बोलायला हवं. आज चढताना तो पाडा लागला तेव्हा तू काय म्हणालास?

वकील : म्हणालो, काय शांतता आहे.

मास्तर : ती शांतता दिवाळीनंतर येते. भात झोडून झाला, नागली घरात आली, की माणसं जगायला जातात. आमच्याकडे ‘कामाला गेले’ म्हणत नाहीत, ‘जगायला गेले’ म्हणतात. भिवंडीला, वसईला, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, नवराबायको आणि कडेवरचं मूल. घरी राहतात ती म्हातारी आणि शाळेतली पोरं. होळीला येतात, पुन्हा जातात, आणि पाऊस जवळ आला की पेरणीला परत. तू ज्याला रानाची शांतता म्हणतोस तिच्यातली निम्मी रोजगार नसल्याची आहे.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. खाली पिंजाळचं खोरं अंधारत होतं. उजेड अगदी मोजके दिसत होते, आणि ते मोजके का हे आता आम्हा सगळ्यांना कळलं होतं.

वकील : मी चालायचा थांबलो तर त्यांचं जाणं थांबणार आहे का?

मास्तर : नाही थांबणार. तू चाल. फक्त त्या शांततेला निसर्ग म्हणू नकोस.

वकील : ठीक आहे, नाही म्हणत. पण मग तू जे सुचवतोस ते मला जास्तच अवघड वाटतं. ज्या घरातली कर्ती माणसं पोटासाठी बाहेर गेली आहेत, तिथे मागे राहिलेल्या म्हातारीच्या ओटीवर आपण चौघं शहरातले जाऊन बसायचं, तिने रांधायचं, आपण खायचं, फोटो काढायचे, पाचशे रुपये ठेवायचे आणि परत जायचं? गरिबी बघायला जाण्याचा प्रकार आहे तो. त्यापेक्षा नदीकाठी तंबूत बसून स्वतःचा भात खाणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

हा मुद्दा मला त्या रात्रीही वजनदार वाटला आणि आजही वाटतो. पाड्यावर राहणं हे आपोआप चांगलं आणि तंबूत राहणं हे आपोआप तुसडेपणाचं, असं नाही. मास्तरही लगेच बोलला नाही. बोलली ती डॉक्टर.

डॉक्टर : १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली. मी तेव्हा शाळेत होते, पण पुढे नोकरीला आले तेव्हा प्रत्येक जण मला त्याच नावाने हा भाग समजावून सांगत होता. तेव्हापासून इथे गाड्या येतात. मंत्री येतात, पत्रकार येतात, पाहणी करणारे येतात, कपडे वाटणारे येतात. मीही वजनकाटा घेऊन जायचे. कुपोषण खरं होतं, मुलं खरंच मरत होती, त्यामुळे जाणं चूक नव्हतं. पण येणारा प्रत्येक जण काहीतरी द्यायला किंवा मोजायला येत होता. इथल्या माणसाकडून आपल्याला काही हवंय असं म्हणत आलेला माणूस मला आठवत नाही.

मास्तर : हेच. मला तेच सांगायचं होतं. वकिला, तू सॅकमध्ये सगळं घेऊन येतोस, म्हणजे तुला आमच्याकडून काहीच नको असतं. मदतवाल्यांनाही काही नको असतं. दोघांच्याही लेखी आमच्याकडे देण्यासारखं काही नाही. तू म्हातारीच्या ओटीची काळजी करतोस. तिला विचारलंस? आमच्याकडे दारात आलेल्या वाटसरूला बसायला जागा, प्यायला पाणी देण्यात घराचा मान असतो. ‘आजी, रात्रीपुरती जागा द्याल का?’ असं तू विचारलंस तर तू तिला गरीब ठरवत नाहीस, घरधनीण ठरवतोस.

वकील : आणि तिच्या घरात तांदूळ नसला तर?

मास्तर : म्हणून तुझा तांदूळ तू आणायचा. वारीला जाणारे, बाजारहाटाला चालत जाणारे काय करायचे? शिधा आपला, चूल आणि जागा त्यांची. शिधा तिच्या हातात द्यायचा, सगळ्यांचं एकत्र रांधायचं, तिने आणि पोरांनीही त्यातलंच खायचं. त्यात दानही नाही आणि हॉटेलही नाही.

वकील : आणि पैसे?

मास्तर : द्यायचे, आणि ठरवून द्यायचे. आमच्याकडे पैशाला कुणी विटाळ मानत नाही. रस्ता दाखवायला कुणी बरोबर आला तर त्याचा दिवसाचा रोज बुडतो, तो त्याला मिळालाच पाहिजे. उपकार म्हणून नको.

वकिलाने चहाचं पाणी ठेवलं. त्यासाठी त्याने घरून आणलेली बाटली उघडली, आणि त्यावरून पुढचं बोलणं निघालं.

मास्तर : हे पाणी कुठलं?

वकील : घरचं. नळाचं, उकळून गाळलेलं. वाटेतल्या विहिरीवर भरायला नको म्हणून आणलं. तुझ्याच माणसांचा विचार केला बघ.

मास्तर : मुंबईला सात तलावांतून पाणी येतं. त्यातलं मध्य वैतरणेचं धरण मोखाडा तालुक्यात, कोचाळ्याजवळ आहे. शंभर मीटरहून उंच आहे. दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाण्यासाठी बांधलं. वरच्या अंगाला ऊर्ध्व वैतरणा, खालच्या अंगाला १९५७ पासून मोडकसागर. तेव्हा तू ओझं वाहून आणलेल्या या बाटलीत आमचंच पाणी आहे. ते पाइपातून दादरला गेलं आणि तुझ्या पाठीवरून परत आलं.

वकील : हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण असं कधी वाटलं नव्हतं.

मास्तर : एप्रिलमध्ये ये. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथे, पण खाली काळा कातळ, वर वीतभर माती. सगळं धावत खाली जातं. होळीनंतर विहिरी तळाला लागतात. बाया रात्री दोनला उठून विहिरीत उतरतात आणि पाझरलेलं पाणी वाटीवाटीने भरतात. टँकर आला की विहिरीत ओततो आणि तिथे झुंबड उडते. धरणाचा जलाशय डोंगराच्या खाली दिसतो आणि पाडे डोंगराच्या वर. मोठं धरण बांधायला पैसा निघाला, पाणी वर चढवायच्या छोट्या योजनांचं मात्र कायमच रडगाणं. आता खाली ही जी पिंजाळ दिसते, तिच्यावरही धरण बांधून मुंबईला दिवसाला ८६५ दशलक्ष लिटर न्यायचा प्रस्ताव कित्येक वर्षं आहे. उद्या तू जिथे तंबू टाकायचा म्हणतोस, तिथे एक दिवस पाणी असेल.

डॉक्टर : म्हणून चालायला यायचं तर उन्हाळ्यात नकोच. चौघांचं पिणं, रांधणं, भांडी. काटकसर केली तरी दिवसाला वीस लिटर तर जातातच. म्हणजे एका बाईच्या डोक्यावरचे दोन हंडे.

वकील : इथे मी तुझ्या बाजूने आहे, मास्तर. पण त्यातून माझाच मुद्दा निघतो. जागा एवढी नाजूक असेल, तर तिथे जास्त माणसं आणणारी कुठलीही गोष्ट वाईट. तू म्हणतोस पाड्यावर राहा. आज आपण राहिलो. आपण चांगले वागलो. परत जाऊन चार जणांना सांगितलं, त्यांनी चाळीस जणांना. पाड्याचं नाव इंटरनेटवर गेलं. दोन वर्षांत तिथे गाड्या लागतील, स्पीकर वाजतील, ओटीच्या जागी पत्र्याच्या खोल्या होतील, आणि त्या खोल्यांचा मालक पाड्यातला नसेल. गर्दीने भंडारदऱ्याला काजव्यांचं काय झालं ते पाहिलंस. पावसाळ्यात रविवारी दाभोशाच्या धबधब्यावर जाऊन बघ, काठावर बाटल्या किती असतात. तंबूवाला माणूस काही मागत नाही, म्हणून त्याच्यामागे बाजारही येत नाही.

मास्तर : दाभोशाला गर्दी तंबू आणि ओटी या भांडणातून आलेली नाही. ती गाडी लावून, दोन तास थांबून, कुणाशीही न बोलता परत जाणाऱ्यांची आहे. गावाला विचारायचंच नाही ही सवय तुझी आणि त्यांची एकच. त्यांचा कचरा राहतो, तुझा राहत नाही, एवढा फरक. तो फरक मोठा आहे, पण विचारणं दोघांच्याही यादीत नाही.

वकील : मी कुणाची जागा अडवत नाही. मला सात फूट लांब, पाच फूट रुंद जमीन हवी, तीसुद्धा एका रात्रीपुरती. तंबूपुरती जागा. त्यासाठी कुणाला विचारायचं?

मास्तर हसला. मग त्याने जव्हारची गोष्ट सांगितली. जव्हारचं मुकण्यांचं राज्य १३४३ पासूनचं मानतात. पहिला राजा जयबा, महादेव कोळी. जुन्या गॅझेटियरमध्ये त्याची दंतकथा आहे : त्याने दुसऱ्या सरदाराकडे बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. समोरच्याने हसत होकार दिला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकाला एक जोडल्या आणि त्या वाद्यांनी सरदाराचा सगळा मुलूख वेढून घेतला.

मास्तर : आमच्याकडे जो आला तो थोडीशीच जागा मागत आला. राजा आला, सावकार आला, लाकडाचा ठेकेदार आला, जंगल खातं आलं, धरणवाले आले. त्यामुळे कुणी ‘मला फक्त एवढीच जागा’ म्हणालं की आमची म्हातारी माणसं आधी त्याचे हात बघतात. तुझी सात फूट तशी नाही, मला माहीत आहे. पण ज्याची जमीन आहे त्याला ते तू सांगितल्याशिवाय कसं कळणार?

वकील : कायद्याने बोलायचं तर हे वनक्षेत्र असेल तर परवानगी वनखात्याची. पायवाट असेल तर ती सार्वजनिक. ग्रामसभेला वाटसरू अडवायचा अधिकार मला कुठे दिसत नाही.

मास्तर : वनहक्क कायद्याचं कलम पाच?

वकील : त्यात ग्रामसभेला जंगल, वन्यजीव, पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार आहे. रात्री झोपणाऱ्याला हाकलण्याचा नाही. ताणून अर्थ काढू नकोस.

मास्तर : पण पाण्याचे स्रोत राखायचे तर त्या काठी कोण उतरलंय हे कळायला नको? हा सगळा भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी क्षेत्र म्हणून जाहीर झालेला. १९९६ मध्ये ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा आला, २००६ मध्ये वनहक्क. माझ्या बापाने ज्या डोंगरावर वरकस जमीन कसली, त्याचा कागद मिळवायला आमच्या घराची पंचवीस-तीस वर्षं गेली. त्या कागदाआधी आम्हीच आमच्या रानात अतिक्रमण करणारे होतो. आणि तू शहरातून येऊन म्हणतोस, मला विचारायची गरज नाही. कायद्याने तुझं बरोबर असेल. मला मात्र ते कायद्यापलीकडे लागतं.

वकिलाने यावर उत्तर दिलं नाही. त्याला कोर्टात इतकी वर्षं बघितलेला मी सांगतो, उत्तर नसलं की तो गप्प बसत नाही. गप्प बसतो तेव्हा तो समोरच्याचं म्हणणं मनात लिहून घेत असतो.

पुढे मास्तरने नदीकाठचं सांगितलं. जिथे सपाट आणि झाडाखाली जागा दिसते, तिथे बहुधा काही ना काही असतंच. कुठे खळं असतं, कुठे पावसाळ्यात गुरं बांधायचा मांडव, कुठे वाघदेव. वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर, पाड्यातली माणसं वाघदेवाला नैवेद्य देतात. वाघ कोरलेला एक लाकडी खांब, शेंदूर, कधी नुसता दगड. अनोळखी माणसाला तो दगडच दिसतो आणि त्याच्यावर तो तंबूची दोरी बांधतो. हिरवा देव, कणसरी, नारनदेव यांच्या जागा नकाशावर नसतात. आणि त्या विचारल्याशिवाय कळतच नाहीत.

वकील : हे मात्र पटलं. दोरीचं. पण वाट दाखवायला स्थानिक माणूस घेतला की धोका टळतो असं तू सकाळी म्हणालास, ते मला पटत नाही. २०२० च्या जुलैत काळमांडवीच्या धबधब्यावर पाच तरुण बुडाले. ते जव्हारचेच होते. स्थानिक असणं पुरलं नाही.

मास्तर : नाही पुरलं. तो दिवस जव्हारमध्ये कुणी विसरलेलं नाही. पण जव्हार शहर म्हणजे तो डोह नव्हे, वकिला. माझा जन्म मोखाड्यातला, तरी काळमांडवीच्या पाण्याचं मला काही कळत नाही. त्या काठी गुरं चारणाऱ्याला विचारावं लागतं, कुठे कातळ निसरडा, कुठे खाली कपार आहे, वर पाऊस झाला की पाणी किती वेळात चढतं. ‘स्थानिक’ म्हणजे तालुक्यातला नाही. त्या ओढ्यावरचा.

डॉक्टर : आणि त्याने नको म्हटलं तर उतरायचं नाही. हे ऐकणारे ट्रेकर मी फार कमी पाहिले.

रात्र चढली तशी थंडी वाढली. वकिलाचा स्वर मघापेक्षा खाली आला होता, पण बाजू त्याने सोडली नव्हती. त्याचं म्हणणं आता असं होतं की पाड्यावर जाऊ, विचारू, शिधा देऊ, सगळं खरं. पण माणसाला अधूनमधून माणसांपासून दूर राहण्याची गरज असते, आणि ती गरज खोटी किंवा श्रीमंती नाही. जगायला भिवंडीला गेलेल्या माणसालाही ती असणार, फक्त त्याला ती भागवता येत नाही. म्हणून आपणही ती सोडून द्यावी असं नाही. मला हे म्हणणं मोलाचं वाटलं. मास्तरने त्यावर सांगितलं की त्याचे वडील दुपारी मोहाखाली एकटेच जाऊन बसत, कुणी हाक मारली तर ओ देत नसत. पाड्यातल्या सगळ्यांना ते माहीत असायचं आणि कुणी त्यांना त्रास द्यायचं नाही. ‘एकटं बसायला आमच्याकडेही जागा असते,’ तो म्हणाला. ‘फक्त माणूस कुठे बसलाय हे घराला माहीत असतं.’

शेवटचा मुद्दा डॉक्टरने काढला, आणि तो वाटेचा होता.

डॉक्टर : उद्या आपण ज्या वाटेने उतरणार ती तुमच्यासाठी ट्रेकची वाट आहे. मी तशा वाटांवरून झोळीतल्या बाया येताना पाहिल्या आहेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बोटोशीजवळच्या मरकटवाडीत रस्ता नव्हता म्हणून बाळंतिणीला झोळीतून तीन किलोमीटर आणावं लागलं. जुळी बाळं गेली, आई कशीबशी वाचली. तेव्हा ‘इथे रस्ता झाला तर या वाटेची मजा जाईल’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो. वकील, दुपारी तू म्हणालास.

वकील : म्हणालो. परत म्हणणार नाही.

डॉक्टर : रस्ता झाला पाहिजे. रस्त्यावरून चालायला कंटाळा आला तर आपण दुसरी वाट शोधू. सह्याद्री मोठा आहे.

मास्तर : आणि रस्ता झाला की गर्दी येईल, हे वकिलाचं म्हणणं खरं ठरेल. तरी रस्ता झाला पाहिजे. गर्दीचं काय करायचं ते आम्ही ग्रामसभेत ठरवू. किती माणसं घ्यायची, कुठे झोपवायची, पाळी कुणाच्या घराची, कचरा कुणी न्यायचा. आमच्या गावात बोहाडा होतो, रात्ररात्र देवांची सोंगं नाचतात, आसपासच्या गावांची गर्दी लोटते. ती गर्दी आम्ही सांभाळतो. कुणाचं सोंग कुणी घ्यायचं हे घराण्यांनी ठरलेलं असतं. ठरवायची सवय आहे आम्हाला. फक्त ठरवायला आम्हाला कुणी बोलावत नाही.

वकील : मुक्कामाचंच बोलायचं तर, शिवाजी महाराज सुरतेला जाताना जव्हारवरून गेले, जव्हारचा राजा विक्रमशहा याने त्यांना शिरपेच घातला, म्हणून त्या माळाचं नाव शिरपामाळ, असं सांगतात ना? लक्षात घे, मुक्काम माळावरच केला त्यांनी. कुणाच्या ओटीवर नाही.

मास्तर : माळावर केला, पण राजाला कळवून केला. मला तेवढंच हवंय.

इथे दोघंही मोकळेपणी हसले आणि उद्याचं ठरलं. गडाच्या एका टोकाला मोबाइलला रेंज येते. तिथे उभं राहून मास्तरने खालच्या पाड्यावर ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि आमच्यासमोर सगळं सांगितलं : चौघं आहोत, शिधा आमचा, तंबू आमचे, कुठे टाकू ते तुम्ही सांगा. पलीकडून उत्तर आलं की पाड्यामागच्या काढलेल्या खाचरात टाका, नदीकाठी नको, तिथे रानडुकरं येतात. जेवण एकत्र करू. वकिलाने आपली अट घातली : पाड्याचं नाव कुठल्याही ग्रुपवर जाणार नाही, माणसांचे फोटो काढायचे नाहीत. मास्तरने ती मान्य केली. मीही ती पाळतो आहे, म्हणून नाव इथे दिलेलं नाही.

त्या दोघांचं सगळ्याच बाबतीत एकमत झालं असं नाही. वकील अजूनही म्हणतो की पाहुणचाराची सवय लागली की रानाशी नातं पातळ होतं. मास्तर अजूनही म्हणतो की माणसं वगळून केलेलं नातं मुळातच पातळ. माझं मत विचाराल तर पाठीवर आपलं ओझं आपण वाहावं हे वकिलाचं शंभर टक्के खरं, आणि त्या ओझ्याने तोंड बंद करू नये हे मास्तरचं त्याहून खरं. जव्हार-मोखाड्यात निर्जन रान असं नाहीच. जे आहे ते कुणाच्या तरी गुरांचं, राबाचं, देवाचं आणि पाण्याचं रान आहे.

तेव्हा जवळचे मित्र बरोबर घेऊन इकडे चालायला येणाऱ्यांना एक विनंती. भात-नागली उभी असते आणि ओढे वाहत असतात तेव्हा, दसरा-दिवाळीच्या आसपास या. त्या वेळी पाड्यांवर माणसंही असतात. शिधा जास्तीचा आणा, पहिल्या घरी थांबून विचारा, दाखवतील तिथे झोपा, जाळ करू नका. वाट दाखवणाऱ्याला पूर्ण रोज द्या. आणि एप्रिल-मेमध्ये इकडे मुळीच येऊ नका. त्या दोन महिन्यांत इथल्या विहिरींत पाहुण्यापुरतं पाणी नसतं.